जादा ठोका

कोल्हापूरच्या एस. टी. स्टँडवर दुपारची गर्दी ओसरली की फलाटांवर एक गुंगी उतरते. बाकांवर माणसं पिशव्या उशाला घेऊन लवंडतात, भेळवाला मान टाकून डुलक्या काढतो, आणि वरच्या स्पीकरमधून एका बाईचा आवाज गावांची नावं सांगत राहतो. राधानगरी, दाजीपूर. मलकापूर, आंबा. चंदगड, तिलारी. त्या आवाजाला घाई म्हणून नसते. ऐकणाऱ्याला वाटावं, ही बाई गाड्या पुकारत नाहीये. त्या त्या गावाच्या वेशीपर्यंत जाऊन, तिथल्या झाडाखाली घटकाभर टेकून परत येतेय.

हा आवाज जुलेखा नदाफचा. पंचेचाळिशी ओलांडलेली, ठेंगणीठुसकी, खाकी ड्रेसवर ओढणी घट्ट बांधून बसणारी बाई. माहेर मंगळवार पेठेतलं आणि सासर त्याच पेठेत दोन गल्ल्या पलीकडं. वडील करीम नदाफ गाद्या भरायचे. नवरा मोहसीन मोटरसायकलींच्या सीटची कव्हरं शिवतो. गाड्या पुकारायच्या या कंट्रोलच्या खोलीत यायच्या आधी जुलेखा कितीतरी वर्षं कंडक्टर होती. खांद्याला बॅग, हातात तिकिटाचं मशीन, आणि वळणावर कशालाही न धरता उभं राहायची सवय. ते सगळं सोडून तिनं आपण होऊन ही खोली मागून घेतली होती. का, ते फार कुणाला तिनं सांगितलं नव्हतं.

त्या दुपारी ती पाटगावची गाडी पुकारत होती. "मुदाळतिट्टा, गारगोटी, कडगावमार्गे..." इथवर आली आणि छातीत काहीतरी उलटलं. हौदातल्या माशानं अंग फिरवावं तसं. मग एक पोकळी, जिन्यात पायरी समजून पाय टाकावा आणि खाली पायरीच नसावी तशी. आणि त्यापाठोपाठ आतून कुणीतरी मूठ मारावी तसा एक दणका.

माईक चालूच होता. जुलेखाच्या तोंडून शब्द फुटेना. फलाटावरची माणसं स्पीकरकडं बघत राहिली. शेवटी एका फेटेवाल्यानं खिडकीवर थाप मारली.

"ओ बाई, कडगावमार्गे कुटं? का कडगावातच उतरवून देतायसा आमास्नी?"

चार माणसं हसली. जुलेखानं कसंबसं "पाटगाव" म्हटलं आणि माईक बंद केला. उजव्या हाताची दोन बोटं आपोआप डाव्या मनगटावर गेली. नाडी पळत होती. मध्येच अडखळत होती. पुन्हा पळत होती. तिला वाटलं, झालं. तोहिदसारखंच.

तोहिद तिचा धाकटा भाऊ. इचलकरंजीत एका यंत्रमाग कारखान्यात कामाला होता. चाळिशी नुकती लागलेली. दोन वर्षांमागं एका सकाळी रात्रपाळी संपवून तो घरी आला, बायकोला म्हणाला चहा टाक, आणि भिंतीला टेकून बसला. शबनम चहा घेऊन आली तेव्हा तो तसाच बसलेला होता, डोळे अर्धे मिटून, झोप लागल्यासारखा. त्या वेळी जुलेखा गगनबावड्याच्या गाडीवर होती. वर धुकं होतं, मोबाईलला रेंज नव्हती. गाडी परत फिरून कळे गावाजवळ आली तसा तिचा फोन वाजायला लागला आणि वाजतच राहिला. ड्रायव्हर आकाराम पाटलानं आरशातून तिच्या तोंडाकडं बघितलं. आणि त्या दिवशी कळ्यापासून कोल्हापूरपर्यंत त्यानं गाडी अशी आणली की वाटेवरच्या माणसांना हात करायलाही वेळ मिळाला नाही.

त्यानंतर ती पुन्हा गाडीवर चढली नाही. आधी गुडघ्याचं निमित्त सांगितलं, मग खोली मागितली. गाडीत आपलं काय बिघडेल हे तिला नीट सांगता आलं नसतं. इतकंच, की रेंज नसलेल्या जागी, दवाखान्यापासून लांब, काही झालं तर? आणि हे 'काही झालं तर' फार चिवट निघालं. ते गाडीपुरतं राहिलं नाही. ती घरून स्टँडवर रिक्षानं यायची, तीही अशा रस्त्यानं की वाटेत दवाखाने लागावेत. डाव्या कुशीवर झोपणं तिनं सोडलं, कारण उशीत ठोके ऐकू यायचे. लग्नकार्यात दाराजवळची खुर्ची धरायची. इचलकरंजीला तर ती तोहिदच्या चाळिसाव्या दिवसाच्या फातेहानंतर गेलीच नव्हती. शबनमचा फोन आला की काहीतरी कारण पुढं करायची, आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ ओट्याशी उभी राहायची.

गंमत अशी, की दिवसभर ती गावोगावच्या गाड्या पुकारत होती. खोलीच्या काचेतून लाल गाड्या हलताना दिसायच्या. एकेका नावासरशी तिच्या डोळ्यांसमोर ते गाव यायचं. पाटगाव म्हटलं की मधाचा वास. आंबा म्हटलं की ओल्या पानांचा. गगनबावडा म्हटलं की काहीच नाही, नुसतं पांढरं. ते नाव ती जरा भरभर घ्यायची.

माईकसमोर अडखळल्याच्या दिवशी संध्याकाळी मोहसीननं तिचं काही ऐकून घेतलं नाही. दुकानाचं शटर ओढलं आणि तिला स्कूटरवर मागं बसवून राजारामपुरीत नेलं. तिथं डॉक्टर अनुजा सरनोबतांचा दवाखाना होता. बाई तरुण होत्या, पण बोलण्यात घाई नव्हती. त्यांनी भावाचं विचारलं, आईवडिलांचं विचारलं, चहा किती, झोप किती, पाळी कशी, सगळं विचारलं. मग तपासण्या सुरू झाल्या. ईसीजी झाला, थंडगार जेल लावून छातीचा इको झाला, रक्त गेलं, थायरॉइड झालं. आणि एक दिवस-रात्र छातीला वायरी चिकटवून कमरेला एक डबी बांधली. हृदयाचा ठोका न् ठोका त्या डबीत उतरणार होता.

ती डबी बांधून जुलेखा गच्चीवरच्या खोलीत पडून राहिली. खिडकीतून ऊन येत होतं. खालच्या गल्लीतून मोहसीनच्या शिलाई मशीनचा आवाज येत होता. तिला वाटलं, आपण एक घर आहोत आणि आपल्यात कुणीतरी भाडेकरू राहतोय. तो कधी चालतो, कधी थबकतो, कधी भांडं पाडतो. आणि आपण रात्रंदिवस त्याच्या दाराला कान लावून बसलोय.

पुढच्या खेपेला डॉक्टर अनुजांनी सगळे कागद टेबलावर पसरले. तोहिदच्या दवाखान्याचे आणि पोस्टमॉर्टेमचे कागदही त्यांनी मागवून घेतले होते.

"जुलेखाताई, तुमचं हृदय चांगलं आहे."

"मग उड्या का मारतंय?"

"एखादा ठोका वेळेच्या आधी पडतो. मग हृदय क्षणभर थांबतं, आणि पुढचा ठोका जरा जोरात देतं. तुम्हाला दणका बसतो तो त्या जोरातल्या ठोक्याचा. पुष्कळ माणसांना होतं हे. निम्म्यांना तर कळतही नाही."

जुलेखानं विचार केला. "म्हंजे जादा गाडी."

"काय?"

"वेळापत्रकात नसलेली. जत्रेला सोडतो न्हवं आमी, तशी. मधीच एक सुटती, मग मागची गाडी जरा थांबवून सोडायला लागती."

डॉक्टर मनापासून हसल्या. "अगदी. जादा गाडी सुटली म्हणून डेपो काही बंद पडत नाही."

जुलेखा मात्र हसली नाही. "आनि माझा भाऊ?"

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "त्याच्या हृदयाच्या नळीत अडथळा होता. साखर वाढलेली, तिचं औषध नाही, बिडी, रात्रपाळ्या. तुमच्यात तसं काही नाही. आणि भावाचं असं झालं होतं म्हणूनच मी इतकं सगळं बघून घेतलं. आता मी ठामपणे सांगू शकते. चक्कर येऊन पडलात, चालताना छातीत दुखून आलं, दम लागला, तर मात्र लगेच यायचं. तेवढं सोडून जे होतंय त्याला घाबरायचं कारण नाही."

"पण भ्या वाटतंय की."

"वाटणारच. ठोक्यानं भीती वाटते, भीतीनं ठोके वाढतात. रिपोर्ट दाखवून ती भीती जात नाही, मला माहीत आहे." मग त्यांनी काय करायचं ते सांगितलं. चहा कमी. मनगटावरची बोटं बंद. मोहसीननं आणलेलं नाडी मोजायचं घड्याळ कपाटात. धडधडायला लागलं तर श्वास आत घ्यायच्या दुप्पट वेळ लावून बाहेर सोडायचा, आणि हातातलं काम तसंच चालू ठेवायचं. शेवटी म्हणाल्या, "आणि जिथं जिथं जायचं तुम्ही सोडलंय, तिथं परत जायचं. हळूहळू. बरं वाटल्यावर जाईन म्हणाल तर जाणं होणारच नाही. धडधडत असतानाच जायचं."

दवाखान्यातून बाहेर पडताना जुलेखाला पिसासारखं हलकं वाटलं. ते जिना उतरेपर्यंत टिकलं. खाली रस्त्यावर आली आणि पुन्हा आत मासा फिरला. इतकं सगळं ऐकूनही भीती जशीच्या तशी उभी राहिलेली बघून तिला स्वतःची लाजच वाटली.

पुढचे काही दिवस तिनं बोटं मनगटावर जाऊ नयेत म्हणून हातात काहीतरी धरून ठेवायला सुरुवात केली. पेन, ओढणीचं टोक, शेंगा. माईकसमोर ठोका चुकला तर ती थांबायची नाही. गावाचं नाव जरा लांबवायची, श्वास सोडत सोडत. "मलकापूऽऽर". स्टँडवरच्या हमालांनी तिची नक्कल करायला सुरुवात केली, पण कुणाला काही कळलं नाही.

आणि मग एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत ती खोलीतून निघून फलाटाच्या टोकाला गेली. गगनबावड्याची गाडी रिकामी उभी होती. आकाराम पाटील आपल्या सीटवर बसून डबा खात होता. भाकरी, झुणका, कांदा. खिडकीतून त्यानं तिला बघितलं.

"काय वं बाई, लई दिसानं?"

"बसू काय जरा? आत?"

"बसा की. गाडी काय खात न्हाय."

ती पायरी चढली. तोच डिझेलचा आणि जुन्या रेक्झिनचा वास. खिडकीजवळच्या सीटवर बसली. छाती धडधडायला लागली. गाडी उभी होती, इंजीन बंद होतं, बाहेर स्टँड होता, स्टँडच्या बाहेर दवाखाने होते. तरी धडधडायला लागली. आकारामनं मागं वळून बघितलं नाही. डब्यातला कांदा फोडून एक पाकळी मागं सरकवली फक्त.

"डॉक्टरीणबाईंनी सांगिटलंय, गाडीत बसा म्हनून," जुलेखा म्हणाली.

"बरं सांगिटलंय."

"हसू नका."

"हसतोय व्हय? मलाबी माझ्या बायकोनं पान्याचं भ्या घालवायला इहिरीत ढकललंतं. तुमची डॉक्टरीण लई मऊ हाय म्हनायची."

असं बरेच दिवस चाललं. ती रिकाम्या गाडीत बसायची, आकाराम जेवायचा. मग एक दिवस ती बसलेली असतानाच त्यानं गाडी सुरू केली आणि विचारलं, रंकाळा स्टँडपर्यंत येतासा काय? ती गेली. तिथं उतरली, तळ्याच्या कठड्याला टेकून पाण्याकडं बघत राहिली. पाण्यावर ऊन हलत होतं. म्हशी डुंबत होत्या, नुसती नाकं वर. त्यांना बघून तिला वाटलं, इतकं संथ श्वास घेणं किती सोपं असावं. पुढच्या आठवड्यात बालिंग्याचा पूल ओलांडला. त्याच्या पुढच्या खेपेला मात्र फुलेवाडीतच जीव घाबरा झाला, तशी ती उतरून गेली आणि रस्त्याच्या कडेकडेनं, डोळे पुसत, थेट पेठेपर्यंत चालत आली. घरी आल्यावर मोहसीननं तिच्या चपलांकडं बघितलं आणि पाणी आणून दिलं. पाणी पिता पिता तिच्या ध्यानात आलं की आपण एवढं चालून आलोय, आणि वाटेत छातीकडं आपलं लक्षच नव्हतं.

मग ती पुन्हा गेली. एकदा कळ्यापर्यंत. दोनदा कळ्यापर्यंत.

भाद्रपद संपत आला होता. सुट्टीच्या दिवशी सकाळी ती साध्या कपड्यांत स्टँडवर आली आणि गगनबावड्याच्या गाडीत बसली, शेवटपर्यंत जायचं ठरवून. गाडीवर संयोगिता नावाची नवी कंडक्टर होती. ती जुलेखाला ओळखत नव्हती. पण पास दाखवल्यावर दचकली. "म्हंजे तुमी त्या आवाजवाल्या?" मग उगाचच ओशाळली आणि पुढं गेली.

फुलेवाडी गेली, बालिंगा गेलं, कळे गेलं. दोन्ही अंगांनी भाताची खाचरं, त्यांत कंबरेएवढं हिरवं, आणि त्यावर बगळे. जुलेखा खिडकीला डोकं टेकून बसली होती. गाडीच्या थरथरीत तिची थरथर मिसळून गेली होती. कुठली कुणाची ते कळत नव्हतं. साळवण मागं पडलं तसं समोरून धुकं यायला लागलं. आधी डोंगरांचे माथे गेले, मग झाडं गेली, मग रस्त्याच्या कडेचे पांढरे दगड. आकारामनं दिवे लावले आणि गाडी बैलगाडीच्या चालीनं नेऊ लागला. कुणीतरी मागून म्हणालं, "रेंज गेली बगा."

तेवढ्यावर जुलेखाच्या आत मासा उलटला. मग लगेच दुसऱ्यांदा. मग एकामागं एक, पाच-सहा, जसं काही पूर्ण हौदच ढवळला. तिनं श्वास सोडायचा प्रयत्न केला, तो मध्येच तुटला. ओढणी घट्ट पिळली. सीटवरून उठली, आणि काय करतोय हे कळायच्या आत तिचा हात, इतक्या वर्षांचा कंडक्टरचा हात, वरच्या दोरीला गेला. टण.

गाडी थांबली.

"कुनी वडली दोरी?" संयोगिता पुढून ओरडली. "हितं कुटं स्टॉप हाय?"

"मला उतरायचंय," जुलेखा म्हणाली.

"हितं? हितं काय हाय वं?"

आकारामनं आरशात बघितलं. "दार उघड पोरी," तो म्हणाला. "उतरू दे त्यास्नी."

ती खाली उतरली आणि चार पावलं चालली. मागं वळून बघितलं तर गाडीचा लाल रंगही फिकट झाला होता. बाकी सगळं पांढरं. समोर पांढरं, वर पांढरं, पायाखालचा रस्ता तेवढा काळा. कुठंतरी पानांवरून पाणी टपकत होतं. लांब एखाद्या गाईच्या गळ्यातली घंटा वाजत होती, ती गाय वर होती का खाली, काही कळत नव्हतं. हृदय धडाधडा आपटत होतं. पळायला कुठं जागाच नव्हती. कुठल्या बाजूला पळायचं हेच दिसत नव्हतं.

म्हणून ती उभी राहिली. नुसती.

आणि त्या पांढऱ्यात तिला एकाएकी अब्बांचं दुकान दिसलं. पिंजलेल्या कापसाचा ढीग, छपरापर्यंत. दुपारी अब्बा नमाजाला गेले की ती आणि तोहिद त्यात उडी मारायची. आत आवाज बंद व्हायचा, जग बंद व्हायचं. नाकातोंडात कापूस जायचा. तोहिद तिच्या छातीवर कान ठेवायचा आणि म्हणायचा, आपा, तेरे अंदर कोई कूद रहा है. मग ती त्याच्या छातीवर कान ठेवायची. त्याच्याही आत कुणीतरी उड्या मारत असायचं. त्या वेळी त्यांना त्याचं किती हसू यायचं. दोघं कापसात पडून पोट दुखेपर्यंत हसायची.

जुलेखा धुक्यात उभी राहून रडली. तोहिद गेल्यापासून ती भ्यायली खूप होती, पण अशी रडली नव्हती. आवाज करून, नाक वाहेपर्यंत. धुक्यानं सगळं आपल्यात घेतलं.

मागं गाडीचं दार पुन्हा वाजलं. एक म्हातारा खाली उतरून झाडामागं गेला. त्याच्यामागून दोघं तंबाखू मळायला उतरली. एक बाई लेकराला घेऊन उतरली आणि त्याला म्हणाली, "ढग बघ, ढगात आलाव आपन." बघता बघता अर्धी गाडी खाली आली. कुणाला घाई नव्हती. धुक्यात नाहीतरी लवकर जाऊन काय करायचं होतं? म्हातारा झाडामागून परत आला, आणि वाटेत जुलेखाजवळ थांबला.

"बाई, गाडी लागती व्हय तुमास्नी?"

"न्हाय. छातीत धडधडतंय."

"मलाबी," म्हातारा म्हणाला. "चढ आला की हुतंय. आलं घाला तोंडात." आणि पिशवीतनं आल्याचा एक तुकडा काढून तिच्या हातावर ठेवून तो निघून गेला, जणू तिनं किती वाजले असं विचारलं होतं.

आलं तिखट होतं. जुलेखा ते चावत उभी राहिली. मासा अजून फिरतच होता. दोन ठोके सरळ, एक वाकडा. तो थांबेल म्हणून ती वाट बघत होती, आणि मग तिच्या ध्यानात आलं, की वाट बघायचं काही कारणच नाही. तो फिरत असला तरी पाय चालतात. ती चालत गाडीपाशी आली. आकाराम बॉनेटला टेकून उभा होता.

"थांबलं व्हय?" त्यानं विचारलं.

"न्हाय."

"मग?"

"चला."

माणसं चढली, तंबाखूवाले चढले, ढगवालं लेकरू चढलं. जुलेखा सगळ्यांत शेवटी चढली. संयोगिता मागच्या बाजूला तिकिटं बघत होती. दोरी जुलेखाच्या डोक्यावरच होती. तिनं ती दोनदा ओढली. टण टण. गाडी हलली.

गगनबावड्याला पोचल्यावर बघण्यासारखं काहीच नव्हतं. स्टँड धुक्यात, हॉटेल धुक्यात, समोरचा गगनगड तर आहे का नाही इतका धुक्यात. ती बाकावर बसून राहिली. कुणीतरी भजी तळत होतं, त्याचा वास तेवढा स्पष्ट होता. तिनं प्लेटभर भजी खाल्ली आणि अर्धा कप चहाही घेतला, डॉक्टरांची मनातल्या मनात माफी मागून. परतीच्या गाडीत तिला झोप लागली. डाव्या कुशीकडं कलून, तोंड उघडं टाकून, अशी झोप की कोल्हापूरच्या स्टँडवर सगळी उतरून गेली तरी तिला जाग नव्हती. आकारामनं संयोगिताला खुणेनं गप्प बसवलं. गाडी तशीच बाजूला घेऊन तो खाली उतरला. ती जागी झाली तेव्हा वरच्या स्पीकरमधून दुसरंच कुणीतरी गावांची नावं घेत होतं, आणि ती सीटवर पडल्या पडल्या ऐकत राहिली.

ठोके गेले नाहीत. अजूनही येतात, पाऊस लागला की, जागरण झालं की, कधी काहीच नसताना. एकदा मोहरमच्या गर्दीत आले, तेव्हा ती दाराजवळ जाऊन उभी राहिली होती, हेही सांगायला हवं. पण बहुतेक वेळा ती हातातलं काम चालू ठेवते. गाडीवर मात्र ती परतली नाही. खोलीच तिला बरी वाटते आता, तिथली दुपार आवडते. डॉक्टर अनुजांकडं वर्षातनं एकदा जाऊन दाखवून येते.

त्याच वर्षी दिवाळीच्या सुट्टीच्या तोंडावर ती इचलकरंजीला गेली. एकटी, गाडीनं. गल्लीत शिरताच मागांचा खटखटाट सुरू झाला, तोच, दोन्ही बाजूंच्या भिंतींतून येणारा. शबनमनं दार उघडलं आणि तिला आत ओढून घेतलं. जेवणं झाली. तोहिद ज्या भिंतीला टेकून बसला होता तिथं आता शबनमनं पिको-फॉलचं मशीन ठेवलं होतं. दोघी खाली सतरंजीवर आडव्या झाल्या. दुपार होती, पडद्यातून निळसर उजेड येत होता.

"आपा," शबनम छताकडं बघत म्हणाली, "मोहसीनभाई बोले थे. आत्ताबी होता है क्या, वो धडधड?"

"होता है की. आता है, जाता है."

शबनमनं ओढणी छातीवर ओढून घेतली. मग हळूच म्हणाली, "मेरेकूबी होता है. किसीकू बोली नहीं मैं."

जुलेखा कुशीवर वळली. सांगण्यासारखं पुष्कळ होतं: चहाचं, श्वासाचं, डॉक्टरांचं. ते सगळं ती संध्याकाळी सांगणार होती, आणि पुढच्या आठवड्यात तिला राजारामपुरीत घेऊनही जाणार होती. पण आत्ता तिनं फक्त जवळ सरकून शबनमच्या छातीवर कान ठेवला. शबनम आधी आक्रसली, मग सैल पडली. बाहेर माग चालले होते. आत, खूप आत, कुणीतरी घाईघाईनं चाललं होतं, थबकत होतं, पुन्हा चालत होतं. जुलेखा ऐकत राहिली. ऐकता ऐकता दोघींनाही झोप लागली.